नोंद क्रमांक एकशे अठ्ठेचाळीस

सिस्टरांनी स्टेथोस्कोपची चकती मशीनच्या पोटाला लावली, कळ दाबली आणि मागे येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला वळूनही न बघता हातानंच गप्प केलं.

तो माणूस पोहण्याच्या तलावाचा रखवालदार होता. सोड्याचे कॅन देणाऱ्या मशीनला लाथा घालणारे त्यानं पाहिले होते, शिव्या घालणारे पाहिले होते, खांद्यापर्यंत हात आत घालून अडकून बसलेला एक वकीलसुद्धा पाहिला होता. पण मशीनची छाती तपासणारी बहात्तर वर्षांची बाई त्याच्या उभ्या नोकरीत ही पहिलीच.

"मावशी, हे काय चाललंय?"

"थांब रे जरा. पाच... सहा... सात... आठ."

धप्प. कॅन खाली आला.

"आठ सेकंद. एकाच दमात, आणि डोक्याकडून," सिस्टर खुशीत म्हणाल्या. "नाहीतर ते व्यायामशाळेतलं. सगळे पायाळू काढतं मेलं."

मग त्यांनी पिशवीतून स्प्रिंगचा छोटा काटा काढला, कॅनला दोरीचा फास लावून वजन केलं, अंगाला थर्मामीटर टेकवला, आणि शेवटी कान जवळ नेऊन झाकण उघडलं. फस्स.

"रडला," असं म्हणून त्यांनी भलंमोठं रजिस्टर उघडलं आणि उभ्या उभ्या लिहायला घेतलं.

रजिस्टर साधंसुधं नव्हतं. बाळंतपणाच्या वॉर्डातलं होतं. चौतीस वर्षं त्या वॉर्डात काढून सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा रुग्णालयानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि रद्दीत निघालेली दोन कोरी रजिस्टरं त्यांनी स्वतःच्या हातानं घेतली. घड्याळ वर्षभरात बंद पडलं. रजिस्टर अजून चालू होतं. रकाने तेच, छापील: अनुक्रमांक, ठिकाण, कळ सुरू, सुटका, वजन, तापमान, रडणं, शेरा. त्यात मुलांच्या जागी मशिनं आली, एवढाच काय तो फरक. शहरभर हिंडून त्यांनी दोनशे अकरा मशिनं तपासली होती, एकमेकांशी ताडून पाहिली होती. तलावाचं दोनशे बारावं.

"पण कशाला?" रखवालदारानं विचारलं.

"तू दिवसभर लोकांना पोहताना बघतोस. तुला कोणी विचारतं, कशाला?"

"मला पगार मिळतो."

"बघ. मी फुकट करते. मग जास्त शहाणं कोण?"

रखवालदारानं यावर विचार केला आणि भलत्याच निष्कर्षाला पोचला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "मावशी, घरी कोण असतं तुमच्या? फोन नंबर आहे का जवळ?"

तो आवाज ऐकला आणि सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाच आवाज त्यांनी स्वतः चौतीस वर्षं वापरला होता, घाबरलेल्या पोरींवर. समोरच्याला काही कळत नाही असं ठरवल्यावरच माणसाचा आवाज इतका गोड होतो.

पण लेकीनं चष्म्याच्या घरात आतल्या बाजूला आपला नंबर चिकटवून ठेवला होता, आणि रखवालदार दिसायला होता तेवढा बावळट नव्हता.

---

लेक होती गाडी चालवण्याची परीक्षा घेणारी. रोज वीस जणांच्या शेजारी बसायचं, हातात पुठ्ठ्याची पाटी, पाटीवर कागद, कागदावर खुणा. विसातल्या बारा जणांना नापास करून ती जेवायला घरी यायची आणि तिची भूक जराही मेलेली नसायची. आईच्या वरताण होती.

त्या संध्याकाळी तिनं पाटी जेवणाच्या टेबलावरच ठेवली.

"आई, बस झालं. उद्यापासून एकटीनं बाहेर जायचं नाही."

"बरं. मग बरोबर कोण येणार? तू येतेस?"

"मला नोकरी आहे."

"म्हणजे जायचंच नाही, असं सरळ म्हण की. आडवळणानं गाडी कशाला घालतेस? तूच नापास होशील."

जावई पानात बघून हसला आणि बायकोनं बघितल्यावर खोकला. जावई भला माणूस होता. या घरात दोन तलवारी होत्या आणि तो म्यान होता.

"हसण्यावारी नेऊ नकोस," लेक म्हणाली. "मागच्या महिन्यात किल्ली बाहेर दारालाच राहिली. त्याआधी गॅस. परवा तू मला दोनदा विचारलंस, मी कधी आले म्हणून."

"तू दोनदा आली होतीस. एकदा नुसतीच आलीस, मग डोकं घेऊन आलीस."

"आई!"

"बरं, किल्ली राहिली. कबूल. गॅस राहिला, तेही कबूल. पण माझी मशिनं मला पाठ आहेत. घे परीक्षा. तुला तेवढंच तर येतं." सिस्टरांनी रजिस्टर टेबलावरून लेकीकडे सरकवलं. "विचार कुठलाही नंबर."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सिस्टरांची जीभ म्हणजे रबर होतं. लिफ्टमधल्या बाळंतपणाची गोष्ट त्यांनी हजारदा सांगितली असेल: लिफ्ट वरून निघाली तेव्हा आत दोघी होत्या, खाली पोचली तेव्हा चौघं. सुरुवातीला लिफ्ट चौथ्या मजल्यावरून निघायची. हल्ली अकराव्यावरून निघते. रुग्णालय तीनच मजल्यांचं आहे. पण रजिस्टराची गोष्ट वेगळी. त्यात सिस्टरांनी जन्मात एक सेकंद इकडचा तिकडे लिहिला नव्हता. बाप पाया पडले, पत्रिकेसाठी पाच मिनिटं मागेपुढे करा म्हणाले, तरी नाही. तोंड आपलं असतं, रजिस्टर आपलं नसतं, असं त्या म्हणायच्या.

लेकीनं मधूनच पान उघडलं. "त्र्याहत्तर."

"कोर्ट, दुसरा मजला. नाणं दोनदा परत देतं, तिसऱ्यांदा घेतं. सुटका पाच सेकंद. शेरा: तारखा देतं."

"एकशे नऊ."

"टायरचं दुकान. एका पायाखाली वीट. कॅन तिरका येतो, रडणं बारीक."

"सव्वीस."

"सिनेमाघर. मध्यंतराच्या गर्दीत काहीच देत नाही. गर्दी ओसरली की दोन देतं."

"खरंच दोन देतं?" जावयाला राहवलं नाही. त्यानं वाकून पाहिलं. "अगं, लिहिलंय. 'दोन आले. एक परत ठेवायला गेले, घेईना.'"

लेकीनं चौदा नंबर विचारले. चौदाच्या चौदा बरोबर. शेवटच्याला तर सिस्टरांनी तिनं न विचारलेलं तापमानही सांगितलं. लेकीनं पाटीवर काही लिहिलं नाही, पण पेन्सिल खाली ठेवली, आणि वीस जणांना रोज बघणाऱ्या बाईनं पेन्सिल खाली ठेवणं म्हणजे काय ते जावयाला कळत होतं. त्याला इतका आनंद झाला की तो स्वतःच रजिस्टर ओढून पानं चाळू लागला.

"वा! काय एकेक शेरे आहेत. आई, डेपोत दोन मशिनं आहेत का हो?"

"कुठल्या डेपोत?"

"बसच्या. एकसष्ट पण डेपो आहे, आणि एकशे अठ्ठेचाळीस पण डेपो."

जावयानं मान वर केली, दोघींकडे पाहिलं, आणि आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं. रजिस्टर मिटायचा त्यानं प्रयत्न केला. लेकीनं मध्ये हात घातला.

तिनं मोठ्यानं वाचलं. "एकसष्ट. बस डेपो, कँटीनच्या जिन्याखाली. लाल. सुटका सात सेकंद. शेरा: पोटातली गुणगुण दर तिसऱ्या ठोक्याला अडखळते, आजी झोपेत घोरते तशी." तिनं पानं उलटली. "एकशे अठ्ठेचाळीस. बस डेपो, कँटीनचं मागचं दार. निळं. सुटका नऊ सेकंद. शेरा: नवं. असं मशीन आजवर पाहिलं नाही."

"जिना तिथेच आहे," ती हळूच म्हणाली. "मागच्या दारालाच. मी तिथूनच बस पकडते."

"आण इकडे," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी चष्मा पुसला आणि एकसष्टावी ओळ वाचली. अक्षर त्यांचंच होतं. गोष्ट मात्र कुणा दुसरीची असावी तशी. निळं मशीन त्यांना लख्ख आठवत होतं. त्या दिवशी बूट चावत होते हेसुद्धा. लाल मशीन आठवत नव्हतं. जिना आठवत नव्हता. दोन नोंदींमध्ये सव्वादोन वर्षं होती.

"कधीकधी मशीन बदलतात कंपनीवाले," जावई म्हणाला. "जुनं नेतात, नवं ठेवतात."

"किंवा रंग देतात," लेक म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. सिस्टरांनी झटकन मान वर केली.

"तो आवाज काढू नकोस माझ्यासमोर. उद्या डेपोत जाऊ. मी ऐकते नि सांगते, तेच की दुसरं."

"आणि तेच असलं, तर बाहेर जाणं बंद. कबूल?"

"कबूल-बिबूल काही नाही. आधी बाळ बघू, मग बारसं."

---

सकाळी सिस्टर बुटांच्या नाड्या बांधत होत्या तेव्हा जावई जवळ येऊन उकिडवा बसला आणि उगाच दुसरी नाडी घट्ट करू लागला.

"आई," तो कुजबुजला, "दुसरं आहे म्हणा."

"काय?"

"ऐकायचं तुम्ही आहे. तिला काय कळणार आहे? दुसरं आहे म्हणा, विषय संपला. लिफ्ट नाही का अकराव्या मजल्यावरून येत?"

सिस्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत जावयानं पहिल्यांदाच लबाडी सुचवली होती, आणि सुचवताना त्याचे कान लाल झाले होते. त्यांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. "शिकलात हो, जावईबापू," त्या म्हणाल्या, आणि उठल्या.

डेपोत दहाच्या सुमाराला गर्दी कमी होती. कँटीनवाला कप विसळत होता. मागच्या दाराशी, लोखंडी जिन्याखाली, मशीन उभं होतं. निळं. आजूबाजूला दुसरं मशीन नव्हतं, तेव्हा तो प्रश्न निकालात निघाला. उरला तो एकच: लालच निळं झालं, की लाल नेऊन हे नवं ठेवलं.

लेक हाताची घडी घालून दोन पावलं मागे उभी राहिली. ती परीक्षेच्या गाडीत बसते तशीच: कशालाही हात न लावता, सगळं बघत.

सिस्टरांनी नाणं टाकलं, कळ दाबली, घड्याळ धरलं. नऊ सेकंद. कॅन आला. एकसष्टात सात लिहिले होते, इथे नऊ. त्यांनी मागे वळून लेकीला बोटं दाखवली: नऊ. लेकीनं मान हलवली. तिचा चेहरा थोडा सैल पडला. तिलाही हरायची इच्छा नव्हती असं नाही. माणूस कधीकधी आपलंच म्हणणं खोटं ठरावं म्हणून देव पाण्यात घालून बसतो.

मग सिस्टरांनी नळ्या कानाला लावल्या आणि चकती टेकवली.

डेपो नाहीसा झाला. गाड्यांचे हॉर्न, कपांचा खळखळाट, वरून जिना उतरणारे बूट, सगळं लांब गेलं. उरली ती गुणगुण. एक. दोन. तीन, आणि तिसऱ्याला ती अडखळली. जरा थांबली, घसा साफ केल्यासारखं केलं, पुन्हा सुरू. एक. दोन. तीन.

सिस्टरांनी चकती वर नेली, खाली नेली, मागच्या बाजूला नेली. एक, दोन, तीन. भिंतीशी वाकून बसल्या, उठल्या. नऊ सेकंद काय, कोणीही कारागीर स्प्रिंग बदलतो. रंग काय, दोन तासांचं काम. पोट कोणी बदलत नाही.

आणि हे ऐकणारं त्या जिन्याखाली त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. लेकीच्या कानात नळ्या नव्हत्या. 'दुसरं आहे' एवढे दोन शब्द. लिफ्ट अकराव्या मजल्यावर तयारच उभी होती, दार उघडं ठेवून.

त्यांनी नळ्या काढून गळ्यात टाकल्या.

"तेच आहे," सिस्टर म्हणाल्या.

लेकीनं हाताची घडी सोडली.

"ऐकू नाही आलं? तेच आहे. निळा रंग दिलाय वरून. मी इथे आले होते, आणि विसरले. पुन्हा आले, आणि नवं म्हणून लिहिलं." त्यांचा आवाज चढला तसा कँटीनवाल्यानं नळ बंद केला. "खरवडून बघ हवं तर, आत लाल असेल. नाहीतर घाल कानात नि ऐक स्वतः."

त्यांनी स्टेथोस्कोप पुढे केला. लेकीनं त्याच्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. नखानं टवका काढता येईल अशी एक जागा तिच्या अगदी हाताशी होती.

"नको," ती म्हणाली. "तू म्हणतेस ना."

"हो, मी म्हणते. आणि आणखी एक म्हणते, तेही ऐक. मी अजून विसरणार. किल्ली विसरेन, तारीख विसरेन, एखाद दिवशी तुला विचारेन, बाई तू कुणाची. पण घरात डांबलीस म्हणून ते थांबणार आहे का? घरात बसून विसरण्यापेक्षा मी रस्त्यावर विसरेन. निदान काहीतरी बघितलेलं तरी असेल विसरायला."

एक बस मागे मागे येत फलाटाला लागली. लेक तिच्या आरशाकडे बघत राहिली.

"चूक झाली ना," ती म्हणाली, "की आमच्याकडे बहुतेक जण आरशावर घालतात. आरसा हलला होता म्हणतात."

"मग?"

"मग काही नाही."

सिस्टरांनी कॅन मशीनच्या डोक्यावर ठेवला आणि शेजारी रजिस्टर उघडलं. एकशे अठ्ठेचाळिसाव्या ओळीवर त्यांनी पट्टी न घेता सरळ रेघ मारली, खालचं अक्षर वाचता येईल अशी एकच रेघ. बाजूला लिहिलं: 'चुकून दुबार नोंद. मशीन क्रमांक एकसष्टच. विस्मरण.' खाली सही केली, तारीख घातली. मग पेन लेकीसमोर धरलं.

"मी काय करू?"

"सही. खोडलेल्या नोंदीला दोन सह्या लागतात. एक चुकणाऱ्याची, एक समोर असणाऱ्याची. त्याशिवाय खोडलेलं खोडलेलं धरत नाहीत."

"मी काय तुमच्या वॉर्डातली आहे का?"

"जन्मली कुठे होतीस?"

लेकीनं पेन घेतलं. रोज वीस कागदांवर ती सही करायची, डोळे मिटूनही करू शकली असती. पण इथे ती वाकली, आधी खोडलेली ओळ अथपासून इतिपर्यंत वाचली, मग शेरा वाचला. 'विस्मरण' या शब्दापाशी पेन जरा थबकलं. मग तिनं सही केली, आणि आईनं न सांगता शेजारी वेळही घातली: दहा बेचाळीस.

सिस्टरांनी शाईवर फुंकर मारली, रजिस्टर पिशवीत कोंबलं आणि फलाटाकडे निघाल्या.

"आता कुठे?"

"स्केटिंगच्या हॉलमध्ये एक नवं आलंय म्हणे. दोन बटणं एकदम दाबावी लागतात." त्या थांबल्या. "नवं म्हणजे, मला तरी नवं. रजिस्टरात बघूनच लिहीन, चिंता करू नकोस."

"आई."

"आता काय?"

लेकीच्या तोंडाशी बरंच काही आलेलं दिसत होतं. तिनं ते गिळलं.

"किती वाजता येशील घरी?"

"साडेचारला."

लेकीनं पाटी काखेत घातली. "पाच वाजले तरी चालेल," ती म्हणाली.

सिस्टर बसच्या पायरीवर चढल्या, दांडा धरून वळल्या आणि लेकीकडे डोळे बारीक करून बघितलं.

"सहा," त्या म्हणाल्या, आणि दार बंद झालं.